दक्षिणा, देणगी आणि बँकेची खुर्ची

बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातील एक मोठे गाव. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कापूस-सोयाबीन पिकवणारा इथला शेतकरी खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि इतर बँकांचे बेबाकी दाखले असे सारे त्याला साहेबांच्या टेबलावर मांडावे लागते. जमीन कोणाच्या नावावर आहे, सामाईक हिस्सेदार कोण, यापूर्वी कोणाकडून किती घेतले आणि फेडले की थकवले, याचा उलगडा झाल्यावाचून कर्ज मंजूर होत नाही. यात गैर काही नाही. बँकेतील पैसा ठेवीदारांचा असतो आणि तो कोणाच्या हातात जातो हे पाहणे बँकेचे कर्तव्यच आहे. शेतकरी कुरकुरतो, पण ही रीत मनातून त्याला मान्य असते.

याच देशात सहा वर्षे एक वेगळा बँकव्यवहार सुखेनैव चालू होता. एका कंपनीच्या खात्यातून कोट्यवधी रुपये निघत, एका कागदाच्या रूपाने राजकीय पक्षाच्या हाती पडत आणि पक्षाच्या खात्यात जमा होत. देणारा कोण, हे मतदाराला कळण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली नव्हती. निवडणूक रोखे हे त्या कागदाचे नाव. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, आणि आपल्या शेजारच्या अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई हेही त्या पीठात होते. पक्षाला पैसा कोण देतो हे कळल्याशिवाय मत देण्याचा हक्क पुरा होत नाही, हे त्या निकालाचे सार होते.

त्यानंतरचे काही महिने वृत्तवाहिन्यांवर जे काही चालले त्याला चर्चा म्हणणे धाडसाचे ठरेल. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पानातले वाचून दाखवले. या साऱ्या गदारोळात एक घटक मात्र सोयीस्करपणे बाजूला राहिला, तो म्हणजे बँक आणि बँकेच्या सर्वोच्च खुर्चीवर बसणारा माणूस. हे रोखे विकण्याचा आणि वटवण्याचा अधिकार एकट्या स्टेट बँकेकडे होता. कोणी घेतले आणि कोणी वटवले, ही दोन्ही टोके एकाच संस्थेच्या कपाटात होती. म्हणून राजकीय देणग्यांचा विचार करताना त्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्याचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते. आणि तो करताना अर्धशतकापूर्वी याच खुर्चीवर बसलेल्या एका माणसाची आठवण अपरिहार्यपणे होते.

राजकुमार तलवार हे त्यांचे नाव. जन्म १९२२चा. पंजाब विद्यापीठातून गणितात पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९४३ साली ते त्या वेळच्या इंपीरियल बँकेत लागले. १९५५ साली तिचीच स्टेट बँक झाली. कोणाचा वशिला नाही, कोणाचे घराणे नाही. एकेक पायरी चढत १९६९ साली ते बँकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाचे आणि श्रीमाताजींचे ते निष्ठावान साधक. बँकेचे काम हीच साधना, अशी त्यांची वृत्ती असल्याचे त्यांचे सहकारी सांगत. आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत हे बसणार नाही, पण गीतेचा कर्मयोग ज्या घरात वाचला जातो त्या घराला ते समजावून सांगण्याची गरज नाही. ग्राहकाला बँकेत कशी वागणूक मिळावी याचा विचार करण्यासाठी सरकारने १९७५ साली नेमलेली समितीही तलवार यांच्याच अध्यक्षतेखाली होती.

आणीबाणीचा तो काळ. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली होती. पूजनीय बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात होते आणि महाराष्ट्रातील असंख्य स्वयंसेवक मिसाखाली स्थानबद्ध होते. दिल्लीत राज्य कोणाचे आणि हुकूम कोणाचा, याचा मेळ बसत नव्हता. स्टेट बँकेच्या हाताखाली कर्ज काम केलेले आणि पुढे आयसीआयसीआयचे अध्यक्ष झालेले नारायणन वाघूळ यांनी त्या दिवसांतील एक हकिगत लिहून ठेवली आहे. एक सिमेंट कंपनी गैरव्यवस्थापनामुळे डबघाईला आली होती. कर्जाची फेररचना करून कंपनी वाचवायला बँक तयार होती, पण ज्यांच्यामुळे ही वेळ आली त्या प्रवर्तकाने अध्यक्षपद व व्यवस्थापकीय संचालकपद सोडावे आणि कारभार व्यावसायिक माणसाच्या हाती द्यावा, ही तिची अट होती. कोणताही सावध सावकार घालील अशीच ती अट. परंतु प्रवर्तक पंतप्रधानपुत्र संजय गांधी यांच्या मित्रमंडळींपैकी निघाला. संजय गांधींचा शब्द अर्थमंत्र्यांकडे गेला आणि अर्थमंत्र्यांनी तलवारांना अट मागे घेण्यास सांगितले. तलवारांनी प्रकरण पुन्हा नजरेखालून घातले, आपल्या अधिकाऱ्यांचा निर्णय योग्य आहे अशी खात्री करून घेतली आणि नकार कळवला.

मग संजय गांधींनी भेटीस बोलावले. तलवार गेले नाहीत. ज्याच्याकडे कोणतेही घटनात्मक पद नाही, त्याला बँकेच्या व्यवहाराचा जबाब देण्यास आपण बांधील नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ज्या काळात मंत्री आणि मुख्यमंत्री त्या दारात ताटकळत उभे राहत होते, त्या काळात हा नकार आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

पुढचे प्रकरण तर आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊन भिडते. तलवारांना आधी दुसऱ्या मानाच्या पदाचे आमिष दाखवण्यात आले. ते लागू पडले नाही. काढून टाकावे तर स्टेट बँकेच्या कायद्याप्रमाणे सबळ कारण हवे. ते शोधण्यासाठी सीबीआय मागे लावण्यात आली. वाघूळ सांगतात की, शोधून शोधून हाती आले ते एवढेच : पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिल प्रकल्पासाठी मदतीचे आवाहन तलवारांनी काही उद्योगपतींकडे पाठवले होते. त्या आवाहनाला खुद्द पंतप्रधानांचा पाठिंबा होता, हा त्यातला विनोद. बँकेच्या अध्यक्षाने दबाव आणून देणग्या उकळल्या असे कोणी म्हणते का, हे तपासण्यासाठी देणगीदारांना गाठण्यात आले. आणीबाणीतही एकाही देणगीदाराने तसे सांगितले नाही. अखेरीस सरकारने माणूस बदलता येईना म्हणून कायदाच बदलला. १९७६ साली स्टेट बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कारण न देता अध्यक्षाला दूर करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. बँकिंग वर्तुळात ती ‘तलवार दुरुस्ती’ म्हणूनच ओळखली गेली. त्यानंतर तलवारांना रजेवर पाठवण्यात आले. त्यांनी पत्रकार परिषद घेतली नाही, आत्मचरित्र लिहिले नाही, कोणत्याही पक्षात गेले नाहीत. ते पाँडिचेरीला गेले.

आमच्या वाचकांपैकी ज्येष्ठांना याच्या पाच वर्षे आधीची एक घटना आठवत असेल. २४ मे १९७१ रोजी स्टेट बँकेच्या दिल्लीतील संसद मार्ग शाखेचे मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. पलीकडून पंतप्रधानांचा वाटावा असा आवाज आला आणि गुप्त राष्ट्रकार्यासाठी ६० लाख रुपये हवे आहेत, असे सांगण्यात आले. मल्होत्रांनी पावती नाही, धनादेश नाही, काही नाही, अशी ती रक्कम पेटीत भरून रस्त्यावर नागरवाला नावाच्या माणसाच्या स्वाधीन केली. पैसे त्याच दिवशी बहुतांशी परत मिळाले, नागरवाला पुढच्या वर्षी कोठडीत असतानाच मरण पावला, आणि त्या आवाजाचे गूढ जनता राजवटीत नेमलेल्या न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी आयोगालाही पुरते उकलता आले नाही. बँक एकच. एका माणसाने दूरध्वनीवरील आवाजाला पैसे दिले, आणि दुसऱ्याने खरोखरच्या आदेशालाही दिले नाहीत. मल्होत्रांना लबाड म्हणणे सोपे आहे. पण ‘वरून आले आहे’ हे तीन शब्द ऐकताच मान तुकवण्याची सवय जिथे लागलेली असते, तिथे मल्होत्राच निपजतात, तलवार अपवादानेच.

बँक आणि राजकीय देणगी यांची गाठ इतकी घट्ट का पडली, याचे उत्तर १९६९ या एकाच सालात सापडते. त्या वर्षी १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणगी देण्यावर संपूर्ण बंदी घातली. कागदावर दोन्ही गोष्टी पुरोगामी दिसत होत्या. प्रत्यक्षात काय झाले? देण्याचा उघड दरवाजा बंद झाला आणि मागण्याची गरज मात्र तशीच राहिली, किंबहुना वाढली. पर्यायी व्यवस्था म्हणून शासकीय निधी द्यावा, की लोकवर्गणी वाढवावी, याचा विचार कोणी केला नाही. त्याच वेळी कर्ज, परवाना, कोटा या साऱ्या चाव्या सरकारच्या कमरेला आल्या. मग उद्योगपतीने काळ्या पैशाची पेटी द्यायची आणि बँकेने त्याला कर्ज द्यायचे, हा व्यवहार सुरू झाला. देणगी बेकायदा झाल्यामुळे ती पावतीविना आली आणि पावतीविना आल्यामुळे तिची परतफेड बँकेच्या कर्जातून होऊ लागली. १९८५ साली राजीव गांधींच्या सरकारने बंदी उठवली, पण तोवर सोळा वर्षांत एक पिढी त्या सवयीत वाढली होती.

असे काही होईल, याचा इशारा मुंबईत फार आधी दिला गेला होता. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला काँग्रेसला देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण देताना बजावले की, बड्या धनिकांच्या पैशाने पक्ष चालू लागले तर लोकशाहीचा घात होईल आणि संसदेने याचा वेळीच विचार करावा. भागधारकांनी व्यापारासाठी गुंतवलेला पैसा संचालक आपल्या आवडीच्या पक्षाला कसा देतात, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. त्यानंतर काही महिन्यांतच मुंदडा प्रकरणाची चौकशीही याच छागलांकडे आली आणि आयुर्विमा महामंडळाचा पैसा एका सटोडियाच्या समभागांत का गेला, हे त्यांनी अवघ्या काही आठवड्यांत उघड्यावर मांडले. आजचे आयोग किती वर्षे घेतात, हे आम्ही इथे लिहीत नाही.

महाराष्ट्राला याचा सर्वांत कडू अनुभव १९८१ साली आला. त्या वेळी सिमेंट नियंत्रित होते आणि तुटवडा भीषण होता. घर बांधणाऱ्या मध्यमवर्गीयाला दहा पोत्यांसाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागत. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ आणि इतर न्यास स्थापन केले; मुंबईतील बांधकाम व्यावसायिकांनी त्यांना देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळाले. अरुण शौरी यांनी हे ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून बाहेर काढले. जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंट आणि देणगी यांचा संबंध दाखवून दिला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. फौजदारी खटल्याची तक्रार लढवली ती भारतीय जनता पक्षाचे मुंबईतील नेते रामदास नायक यांनी. १९९४ साली वांद्र्यात मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडलेला हा कार्यकर्ता अंतुल्यांविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढला. खटला तांत्रिक मुद्द्यांत अडकत गेला आणि कोणालाच शिक्षा झाली नाही, हा भाग वेगळा. पण धनादेशाने घेतलेली, पावती दिलेली, न्यासाच्या हिशेबात दाखवलेली देणगीसुद्धा लाच असू शकते, हे महाराष्ट्राला समजले ते नायक यांच्यामुळे. या विचारपरिवाराच्या खात्यावर जमा असलेले हे पुण्य आहे. ते विसरून चालणार नाही.

इथे कोणी म्हणेल की हे सारे मुंबई-दिल्लीचे. वरवट बकालचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. पीककर्जाची मुख्य वाहिनी म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. विदर्भातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांची स्थिती इतकी खालावली की, त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवानाही मिळू शकत नव्हता. देशभरातील अशा २३ बँका वाचवण्याची योजना केंद्रातील नरेंद्र मोदी सरकारने नोव्हेंबर २०१४मध्ये मंजूर केली, तीत महाराष्ट्राच्या या तीनच बँका होत्या. नागपूर बँकेच्या सरकारी रोखे घोटाळ्यात बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि काँग्रेसचे आमदार सुनील केदार यांना न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तिच्याविरुद्ध त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली आहे. मे २०११मध्ये तर राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच बरखास्त करावे लागले होते. सहकारी बँकेच्या अध्यक्षाची खुर्ची ही आमदारकीची पहिली पायरी मानली गेली, तेव्हापासून बँकर आणि पुढारी हे दोन वेगळे प्राणी उरलेच नाहीत. अशा ठिकाणी देणगी मागायचीही गरज पडत नाही. तिजोरीच घरची असते. बँक आजारी पडते तेव्हा संचालकाचे पीक बुडत नाही. हंगामाच्या वेळी कर्ज न मिळाल्याने सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसतो तो शेतकरी.

मार्क्सवाद्यांनी निवडणूक रोखे घेतले नाहीत आणि ते न्यायालयात गेले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र त्रिशूर जिल्ह्यातील करुवन्नूर सहकारी बँकेचा घोटाळा २०२१ साली उघडकीस आला, तेव्हा तिच्या कारभारावर वर्चस्व त्यांच्याच पक्षाचे होते. ठेवीदारांत निवृत्त शिक्षक आणि मजूर होते. तेव्हा या विषयावर पावित्र्याचा टेंभा कोणीच मिरवू नये.

आता स्वतःच्या घराकडे वळू.

अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने २००३ साली निवडणूकविषयक कायद्यांत जी सुधारणा केली, ती राजकीय देणग्यांच्या इतिहासातील सर्वांत सुज्ञ तरतूद होती असे आमचे मत आहे. धनादेशाने उघड देणगी देणाऱ्याला करात सवलत, आणि २० हजार रुपयांवर देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचे, असा तो दुहेरी विचार होता. देणाऱ्याला प्रोत्साहन आणि घेणाऱ्यावर प्रकाश. २० हजारांच्या आतल्या तुकड्यांत रक्कम दाखवण्याची पळवाट सर्वच पक्षांनी शोधली, हे खरे. ती बुजवायला हवी होती आणि २०१७ साली रोख देणगीची मर्यादा दोन हजारांवर आणून ती काही अंशी बुजवलीही गेली. परंतु त्याच वर्षी निवडणूक रोख्यांची कल्पना आली, रोख्यांतून येणारी देणगी त्या २००३च्या तरतुदीतून वगळण्यात आली आणि कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादाही काढून टाकण्यात आली. २ जानेवारी २०१८ला योजना अधिसूचित झाली. अटलजींनी लावलेला दिवा त्यांच्याच वारसांनी मालवला, हे लिहिताना लेखणी अडखळते. पण लिहिले पाहिजे.

अरुण जेटली यांचा हेतू वाईट होता, असे आम्ही मानत नाही. काळ्या पैशाच्या पेट्या बंद व्हाव्यात, देणगी बँकेतून यावी, खरेदीदाराची ओळख बँकेकडे नोंदलेली असावी, असा त्यांचा विचार होता. देणगीदाराचे नाव कळले तर विरोधी पक्ष सत्तेवर येताच सूड घेतो, ही त्यांनी मांडलेली भीतीही काल्पनिक नव्हती. अनेक राज्यांत उद्योजक ती रोज अनुभवतात. पण नाव मतदाराला कळायचे नाही आणि सरकारी बँकेच्या नोंदीत मात्र असायचे, यात सत्तेवर असलेल्याचाच फायदा होता, मग ती सत्ता कोणाचीही असो. रोखे एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे होते, परंतु ते देशभरातील स्टेट बँकेच्या मोजक्या २९ शाखांतच आणि ठरावीक दिवसांतच मिळत. मूल्याने पाहिले तर नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एक कोटीच्या रोख्यांचा होता. म्हणजे संग्रामपूर तालुक्यातल्या कोण्या कार्यकर्त्याला हजार रुपयांचा रोखा घेऊन पक्षाला द्यावासा वाटला असता, तरी त्यासाठी त्याला गाडीभाडे रोख्याहून अधिक पडले असते.

योजनेच्या आरंभापासून शेवटापर्यंत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. एप्रिल २०१९पासूनच्या उघड झालेल्या तपशिलात भारतीय जनता पक्षाला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला १,६०९ कोटी, काँग्रेसला १,४२१ कोटी आणि भारत राष्ट्र समितीला १,२१४ कोटी मिळाल्याचे दिसते. खासदारांच्या संख्येशी तुलना केली तर तृणमूल आणि तेलंगणातील पक्षाने मिळवलेली रक्कम डोळे विस्फारणारी आहे. हा युक्तिवाद खराच आहे, पण तो पुरेसा नाही. सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारी कंपनी निघाली, ही बाब कोणत्याच पक्षाला भूषणावह नाही. काही कंपन्यांवरील कारवाईच्या आणि त्यांच्या खरेदीच्या तारखा जवळजवळ आल्या. विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली, त्यामुळे तारखांच्या जवळिकीवरून गुन्हा सिद्ध झाला असे कोणी म्हणू शकत नाही. कायद्याने ठीक. पण संघाच्या शाखेत वाढलेल्या माणसाला कायद्याने ठीक एवढ्यावर झोप लागते का?

स्टेट बँकेचे त्या वेळचे वर्तन हा तर स्वतंत्र चिंतेचा विषय. न्यायालयाने तपशील मागितला, तेव्हा बँकेने ३० जून २०२४पर्यंतची मुदत मागितली. तोवर लोकसभा निवडणूक आटोपली असती. ११ मार्चला न्यायालयाने ती विनंती फेटाळली आणि दुसऱ्याच दिवशी तपशील निवडणूक आयोगाकडे पोहोचला. ज्याला साडेतीन महिने लागणार होते ते काम एका दिवसात झाले. रोख्यांवरील क्रमांक देण्यासाठी पुन्हा वेगळा आदेश काढावा लागला. बँकेच्या अधिकाऱ्यांच्या अडचणी खऱ्याही असतील. दोन्ही बाजूंच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, असे बँकेचे म्हणणे होते. तरीही अध्यक्षाच्या खुर्चीत त्या क्षणी तलवार असते, तर मुदतीचा अर्ज गेला असता का, हा प्रश्न मनातून जात नाही. व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण १९७६ची ती दुरुस्ती, म्हणजे मुदतीआधी कारण न देता अध्यक्षाची सेवा संपवण्याचा अधिकार, आणीबाणी उठल्यानंतरही कायद्यात तशीच राहिली. जनता पक्षाच्या सरकारनेही ती काढली नाही. आणीबाणीचा निषेध दरवर्षी २५ जूनला आपण करतो. तिच्या या अवशेषावर मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

आमचे विरोधक इथे एक टोमणा हमखास मारतात : गुप्ततेवर तुम्ही काय बोलता, तुमची गुरुदक्षिणाही पाकिटातच असते! टोमणा वरवरचा आहे, पण त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. १९२८ साली नागपुरात डॉक्टरांनी गुरुदक्षिणेची प्रथा सुरू केली, तेव्हा जमा झालेली रक्कम शंभर रुपयांचीही नव्हती. धनिकाकडे हात पसरावा लागू नये, कार्य स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहावे, हा तिच्यामागचा विचार. दक्षिणेचे पाकीट बंद असते ते कोणी किती दिले हे इतरांना कळू नये म्हणून. हजार देणाऱ्याला दहा देणाऱ्यापेक्षा अधिक मान मिळू नये म्हणून. देणारा मात्र सर्वांसमोर उठतो, ध्वजाला प्रणाम करतो आणि स्वतःच्या हाताने अर्पण करतो. त्याचे नाव लपलेले नसते, त्याची रक्कम लपलेली असते. निवडणूक रोख्यात नेमके उलटे होते. रकमेचे आकडे वर्षाच्या हिशेबात येत होते आणि नाव लपलेले होते. दक्षिणेतील गुप्ततेमुळे देणाऱ्याला मोबदला मागता येत नाही. रोख्यातील गुप्ततेमुळे मोबदला मागितला की नाही हे इतरांना कळत नव्हते. या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालणारा एक तर अज्ञानी असला पाहिजे किंवा लबाड. पण हा फरक आपणही स्वतःला समजावून सांगितला नाही, तर टोमणा उद्या खरा ठरेल.

वरवट बकालहून पूर्णा ओलांडून गेले की शेगाव येते. श्रीगजानन महाराज संस्थानात रोज हजारो भाविक देणगी देतात, पावती घेतात आणि निघून जातात. विश्वस्त म्हणून शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके, ४ ऑगस्ट २०२१ रोजी देह ठेवीपर्यंत, त्या पैशाचा सांभाळ ज्या निरिच्छपणे केला, तो सर्वपरिचित आहे. देणाऱ्याला दर्शनाच्या रांगेत पुढे घ्यायचे नाही आणि संस्थानच्या पैशातून चहाचा कपही आपला समजायचा नाही, अशी त्यांची ख्याती. विनामोबदला सेवा देणाऱ्या सेवेकऱ्यांच्या याद्या तिथे वर्षानुवर्षे प्रतीक्षेत असतात. राजकीय पक्ष हे देवस्थान नव्हे, निवडणुकीचा खर्च हा प्रसादाचा खर्च नव्हे, हे आम्हांलाही कळते. पण मोठ्या संस्था छोट्या देणग्यांवर उभ्याच राहत नाहीत, असे जे दिल्लीत बसून सांगतात, त्यांनी एकदा शेगावला यावे.

आणि पक्षातही हे घडलेले आहे. कुशाभाऊ ठाकरे यांनी मध्य प्रदेशात गावोगाव पायपीट करून संघटना उभी केली, तेव्हा आजीवन सहयोग निधीची पद्धत तिथे रुजली. कार्यकर्त्याने आणि हितचिंतकाने दरवर्षी आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे आणि त्यावर पक्षाचा संसार चालायचा. पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या पुण्यतिथीला, ११ फेब्रुवारीला, समर्पण निधी गोळा होतो. २५ डिसेंबर २०२१ ते ११ फेब्रुवारी २०२२ या काळात पाच रुपयांपासून हजार रुपयांपर्यंतच्या छोट्या देणग्यांची मोहीमही पक्षाने राबवली होती. रस्ता माहीत आहे, त्यावरून चाललेलेही आहोत. मधल्या काळात मोठा रस्ता झाला म्हणून जुनी पायवाट मोडली, इतकेच.

रोखे गेल्यानंतर पैसा पुन्हा निवडणूक न्यासांमार्फत आणि थेट धनादेशांनी येऊ लागला आहे. नावे कळतात, ही जमेची बाजू. साडेसात टक्क्यांची मर्यादा हटवणारी तरतूदही न्यायालयाने त्याच निकालात रद्द केली. आता सरकारने दोन गोष्टी स्वतःहून कराव्यात. २००३च्या तरतुदीतील पळवाट बंद करून प्रत्येक देणगीदाराचे नाव नोंदवणे सक्तीचे करावे, आणि स्टेट बँकेच्या कायद्यातील ‘तलवार दुरुस्ती’ मागे घ्यावी. दुसऱ्या मागणीने मते मिळणार नाहीत, तिच्यासाठी मोर्चा निघणार नाही. पण आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या परिवाराच्या सरकारने ती केली, तर येरवड्यातील एका बराकीचा हिशेब चुकता होईल.

कार्यकर्त्यांसाठी काम याहून सोपे आहे. येत्या ११ फेब्रुवारीला ज्या ज्या गावात समर्पण निधीचे पावतीपुस्तक फिरेल, तिथे ते संपल्यावर किती पावत्या फाटल्या आणि एकूण किती जमले, हे गावच्या फलकावर खडूने लिहून ठेवावे. वरवट बकालमध्ये तो आकडा काही हजारांचाच असेल. बाजाराच्या दिवशी येणारे-जाणारे तो वाचतील, आणि मंडलातल्या इतर गावांनी किती दिले, अशी विचारणाही करतील. त्यासाठी पावतीपुस्तकाची दुसरी प्रत आधीच जपून ठेवलेली बरी.